सेप्सिस : जंतू एकच, शरीराचे उत्तर मात्र वेगळे

न्यूमोनियाचे दोन रुग्ण एकाच दिवशी एका अतिदक्षता विभागात दाखल होतात. दोघांचे वय जवळपास सारखे, दोघांच्या फुप्फुसांत आढळलेला जंतू एकच आणि दोघांना सुरू केलेले प्रतिजैविकही तेच. चौथ्या दिवशी त्यांतील एक जण उशाला टेकून चहा मागतो. दुसऱ्याचा रक्तदाब मात्र कोसळलेला असतो, मूत्रपिंडे काम थांबवू लागतात आणि श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना असा प्रसंग नवा नाही. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, 'आमच्याच माणसाला असे का झाले?'

या प्रश्नाचे उत्तर रुग्णाचे वय, मधुमेह, कुपोषण, रुग्णालयात पोहोचण्यास झालेला उशीर यांत शोधले जाते व बहुतेक वेळा ते तेथे सापडतेही. परंतु ही सर्व कारणे विचारात घेतल्यानंतरही काही फरक शिल्लक उरतो. त्यातील एक भाग माणसाच्या जनुकांत दडलेला आहे, हे गेल्या चार दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. हा भाग नेमका किती, तो कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर उपचारात काय बदल करायचा, हे आजच्या वैद्यकशास्त्रापुढील महत्त्वाचे प्रश्न आहेत.

सेप्सिस म्हणजे काय?

सेप्सिसला मराठीत 'जंतुदोष' असा शब्द वापरला जातो. रक्तात जंतू शिरणे म्हणजे सेप्सिस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने स्वीकारलेल्या व्याख्येत भर जंतूवर नसून रुग्णाच्या शरीरावर आहे. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडल्यामुळे अवयवांचे कार्य जिवावर बेतेल इतके ढासळणे, म्हणजे सेप्सिस. संसर्ग फुप्फुसाचा असो, मूत्रमार्गाचा असो किंवा पायाच्या जखमेचा. तो या टप्प्यावर पोहोचला, की लढाई केवळ जंतूशी राहत नाही.

या आजाराची व्याप्ती मोठी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंमागे एक. त्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसचा प्रतिबंध, निदान व उपचार यांविषयी ठराव मंजूर केला.

जंतू शरीरात शिरल्यावर पांढऱ्या पेशींवरील ग्राहक प्रथिने त्याला ओळखतात. पेशी इशाऱ्याची रसायने सोडतात. ताप येतो, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त गोठवणारी यंत्रणा जागी होते. याच वेळी हा वणवा विझवणारी यंत्रणाही कामाला लागते. पहिली यंत्रणा बेफाम झाली, तर अवयव होरपळतात; दुसरी गरजेपेक्षा जास्त चालली, तर प्रतिकारशक्तीच थिजते आणि रुग्णाला नवे संसर्ग गाठतात. या साखळीतील प्रत्येक प्रथिनामागे एक जनुक आहे आणि माणसागणिक जनुकांत बारीकसारीक फरक असतात.

दत्तक मुलांचा पुरावा

एकाच घरातील माणसे एकाच आजाराने दगावली, तर त्यामागे रक्ताचे नाते आहे की घरची परिस्थिती, हे ठरवणे कठीण असते. डेन्मार्कमधील संशोधकांनी यासाठी दत्तक मुलांच्या नोंदींचा आधार घेतला. १९२४ ते १९२६ या काळात जन्मलेल्या आणि लहानपणीच परक्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलांच्या ९६० कुटुंबांचा हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईचा किंवा वडिलांचा मृत्यू वयाच्या पन्नाशीपूर्वी जंतुसंसर्गाने झाला असेल, तर त्या मुलाचा संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे ५.८ पट आढळला. ज्यांनी वाढवले, ज्यांच्या घरचे अन्न खाल्ले, त्या दत्तक आईवडिलांच्या बाबतीत मात्र असा संबंध दिसला नाही. कर्करोगाचे चित्र नेमके उलटे होते. तेथे जन्मदात्यांपेक्षा पालनकर्त्यांशी असलेला संबंध ठळक होता. संसर्ग बाहेरून येतो म्हणून त्याचा आनुवंशिकतेशी संबंध नाही, हा समज या अभ्यासाने मोडीत काढला.

उंदरांनी उकललेले कोडे

जबाबदार जनुके कोणती, याचा पहिला ठोस धागा उंदरांच्या एका वाणाने दिला. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य आवरणात एक अंतर्विष असते. ते टोचल्यास साधे उंदीर सेप्सिससारख्या लक्षणांनी मरतात. 'सी३एच/एचईजे' या वाणाचे उंदीर मात्र त्याला दाद देत नसत. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याचे कारण शोधून काढले. 'टीएलआर-४' या ग्राहक प्रथिनाच्या जनुकात झालेल्या एकाच बदलामुळे या उंदरांना अंतर्विषाची चाहूलच लागत नव्हती. त्यापूर्वी १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीतील 'टोल' या जनुकाचे प्रतिकारशक्तीतील कार्य दाखवले होते. या कामासाठी दोघांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या शोधाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. अंतर्विष पचवणाऱ्या याच उंदरांना जिवंत साल्मोनेला जंतूंचा संसर्ग झाला, तर ते इतर उंदरांपेक्षा सहज मरतात. राखणीचा कुत्रा भुंकला नाही, तर घरच्यांची झोप मोडत नाही हे खरे. पण चोर शिरल्यावर त्याच शांततेची किंमत मोजावी लागते. एखादे जनुक 'चांगले' की 'वाईट', हे केवळ त्या जनुकावर ठरत नाही. जंतू कोणता, त्याचे प्रमाण किती आणि आजार कोणत्या टप्प्यावर आहे, यावरही ते ठरते. सेप्सिसच्या आनुवंशिकतेतील पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

एका जनुकाचा दोष

काही थोड्या रुग्णांत एकच जनुक निर्णायक ठरते. 'आयआरएके-४' किंवा 'एमवायडी-८८' ही प्रथिने ग्राहकाकडून आलेला इशारा पेशीच्या आत पोहोचवतात. २००३ व २००८ मध्ये वर्णन झालेल्या दोषांत आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत मिळालेल्या मुलांना न्यूमोकॉकससारख्या पूजनक जंतूंचे गंभीर संसर्ग वारंवार होतात. फसवी गोष्ट अशी, की या मुलांना ताप उशिरा किंवा कमी येतो आणि दाह दर्शवणाऱ्या रक्तचाचण्याही सुरुवातीला फारशा वाढलेल्या दिसत नाहीत. आजार साधा वाटत असतानाच बालक हातचे जाऊ शकते. मात्र हा कठीण काळ निभावला, तर किशोरवयानंतर असे संसर्ग बरेच कमी होतात.

रक्तातील 'कॉम्प्लिमेंट' गटातील शेवटच्या टप्प्यावरील प्रथिने नसतील, तर मेनिंगोकॉकस या जंतूचा मेंदूज्वर व जंतुदोष पुन्हापुन्हा होऊ शकतो. या प्रथिनांच्या कार्याला लगाम घालणाऱ्या 'फॅक्टर एच' च्या जनुकाजवळील फरकांचा मेनिंगोकॉकसच्या आजाराशी संबंध असल्याचे २०१० मध्ये दिसून आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे. विदर्भ आणि नंदुरबारसह राज्याच्या आदिवासी भागांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाची प्लीहा हळूहळू निकामी होते. रक्तातील जंतू गाळण्याचे काम प्लीहेचे असल्याने अशा बालकाला न्यूमोकॉकसचा जंतुदोष काही तासांत गंभीर अवस्थेला नेऊ शकतो. हेच जनुक एका प्रतीत असेल, तर ते गंभीर हिवतापापासून संरक्षण देते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते पिढ्यानपिढ्या टिकून राहिले.

जनुकाचा दोष आधीच कळला, तर काय साधते, हेही याच आजाराने दाखवले. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांखालील सिकलसेलग्रस्त बालकांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन देण्यात आले. न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले आणि लाभ इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. औषध जुने व स्वस्तच होते. ते कोणाला द्यायचे, हे ठाऊक होणे महत्त्वाचे ठरले. भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. तपासणीची चिठ्ठी हातात देऊन काम संपत नाही. त्या बालकाला लस, पेनिसिलिन आणि ताप आल्याबरोबर रुग्णालय मिळते का, यावर तिचे मोल ठरेल.

जनुकाच्या शोधातील फसगत

बहुसंख्य प्रौढ रुग्णांत मात्र असा एकच ठळक दोष नसतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी संशयित जनुके एकेक करून तपासण्यास सुरुवात केली. 'टीएनएफ' या दाहकारक रसायनाच्या जनुकाजवळील एका फरकाचा सेप्सिसच्या धक्क्याशी व त्यातील मृत्यूंशी संबंध असल्याचे फ्रान्समधील अभ्यासाने १९९९ मध्ये सांगितले. पुढील अभ्यासांत मात्र हे निष्कर्ष सातत्याने टिकले नाहीत. रुग्णांची संख्या अपुरी, वंशपरंपरा भिन्न, संसर्ग वेगवेगळे. अशा स्थितीत योगायोगही शोध वाटू शकतो.

त्यानंतर संपूर्ण जनुकसंच एकदम चाळण्याचे तंत्र आले. युरोपीय वंशाच्या रुग्णांवरील अशा एका अभ्यासात २०१५ मध्ये 'एफईआर' या जनुकातील एका फरकाचा न्यूमोनियामुळे झालेल्या सेप्सिसमध्ये जगण्याच्या अधिक शक्यतेशी संबंध आढळला. हा संबंध न्यूमोनियाच्या रुग्णांत दिसला, पोटातील संसर्गातून सेप्सिस झालेल्यांत नव्हे. म्हणजे 'सेप्सिस' या एका नावाखाली अनेक आजार वावरत असावेत, अशी शंका बळावली.

औषधांच्या इतिहासानेही हेच सुचवले आहे. दाहकारक रसायने रोखणारी अनेक औषधे प्राण्यांत गुणकारी ठरली आणि माणसांत अपयशी. रक्त गोठणे व दाह या दोन्हींवर काम करणारे 'ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी' हे औषध सर्वांत गाजले. २००१ च्या चाचणीत ते दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २४.७ टक्के, तर न दिलेल्यांत ३०.८ टक्के होते. औषधाला मान्यता मिळाली, महागड्या किमतीला ते वापरले गेले. नंतरच्या मोठ्या चाचणीत लाभ न दिसल्याने २०११ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले. चाचण्यांतील या अपयशांमागील एक कारण आता पुष्कळ तज्ज्ञ मान्य करतात. ज्याचा दाह भडकला आहे आणि ज्याची प्रतिकारशक्ती थिजली आहे, अशा दोन्ही रुग्णांना एकच औषध दिले, तर एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीत बुडून जातो.

कोणती जनुके जागी आहेत?

यातून संशोधनाची दिशा बदलली. जन्मतः मिळालेल्या जनुकांबरोबरच या घटकेला त्यांतील कोणती कार्यरत आहेत, हे पाहिले जाऊ लागले. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये न्यूमोनियामुळे सेप्सिस झालेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तपासून त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटात प्रतिकारशक्ती थिजल्याच्या खुणा होत्या आणि मृत्यूही अधिक होते. हे गट केवळ बाह्य लक्षणे पाहून ओळखता येत नव्हते; सात जनुकांच्या कार्याचे मोजमाप करून मात्र ते ओळखता आले.

२०१९ मध्ये याच गटवारीचा वापर करून स्टिरॉइडच्या एका जुन्या चाचणीचे पुन्हा विश्लेषण झाले. ज्यांची प्रतिकारशक्ती तुलनेने शाबूत होती, अशा दुसऱ्या गटातील रुग्णांत हायड्रोकॉर्टिसोन दिल्यास मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. चाचणी संपल्यानंतर केलेले हे विश्लेषण आहे. त्यावरून रोजचे उपचार बदलता येत नाहीत. तरीही एका रुग्णाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, या शक्यतेला त्यामुळे पाठबळ मिळाले.

करोनाने शिकवलेले

गंभीर कोविड हा विषाणूमुळे झालेला सेप्सिसच होता. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतील चार तरुण, पूर्वी ठणठणीत असलेले पुरुष कृत्रिम श्वासोच्छ्वासापर्यंत पोहोचले. त्यांच्यात विषाणू ओळखणाऱ्या 'टीएलआर-७' या जनुकाचा दोष सापडला. हे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असल्याने पुरुषांकडे त्याची एकच प्रत असते.

त्याच वर्षी ह्युगो झेबर्ग व स्वांते पेबो यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जोखमीचा पट्टा निअँडरथाल मानवाकडून आलेला असल्याचे दाखवले. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत, तर युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आढळतो. या आकड्यावरून भारतीय माणूस जात्याच दुबळा, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. हा पट्टा असलेल्या बहुसंख्य लोकांना गंभीर आजार होत नाही आणि वय, सहव्याधी, वेळेवर मिळालेला प्राणवायू यांचा वाटा त्यापुढे लहान नाही.

स्टिरॉइडचा धडा येथेही पक्का झाला. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

औषध आणि जनुक

जनुकांचा फरक आजाराप्रमाणे औषधातही दिसतो. नवजात बालकाला जंतुदोषाचा संशय येताच जेंटामायसिन हे प्रतिजैविक तातडीने द्यावे लागते. आईकडून मिळणाऱ्या मायटोकाँड्रियातील एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे काही बाळांना त्या औषधाने कायमचे बहिरेपण येऊ शकते. मँचेस्टर येथे हा बदल २६ मिनिटांत ओळखणारी चाचणी बाळाच्या खाटेजवळच वापरून पाहण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७५१ बाळांपैकी तिघांत तो बदल सापडला आणि त्यांना दुसरे प्रतिजैविक देता आले. उपचाराला उशीर न होता तीन बाळांची श्रवणशक्ती जपली गेली. जनुकीय चाचणी रुग्णाच्या उपयोगी पडण्यासाठी कशी असावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

भारतापुढील प्रश्न

सेप्सिसच्या जनुकांवरील बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या रुग्णांवर झाले आहेत. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातून सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. ती निरोगी लोकांची असली, तरी भारतीय रुग्णांची तुलना कशाशी करायची, हा पाया त्यामुळे उपलब्ध झाला.

सामान्य माणसाला सेप्सिस होईल की नाही, किंवा झाल्यास तो वाचेल की नाही, हे सांगणारी सर्वमान्य जनुकीय चाचणी आज नाही. तसा दावा कोणी केल्यास त्यापासून सावध राहणे इष्ट. मात्र कुटुंबात पूर्वी एखादे मूल जंतुसंसर्गाने अचानक दगावले असेल, एकाच व्यक्तीला गंभीर संसर्ग पुन्हापुन्हा होत असतील, घरात सिकलसेलचा इतिहास असेल किंवा इंजेक्शननंतर कोणाला बहिरेपण आले असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे. महागड्या चाचणीपेक्षा घरची ही आठवण अनेकदा अधिक उपयोगी पडते. संसर्गाबरोबर धाप, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आनुवंशिकता म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांच्या जंतुदोषावर घरीच उपचार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. त्या काळात गावांतील कोणाचीही जनुके बदलली नव्हती. बदलली होती ती आजार ओळखणारी नजर आणि औषध पोहोचण्याची वेळ.

अतिदक्षता विभागातील दोन रुग्णांपैकी एक वाचतो आणि दुसरा नाही, यामागे जनुकांचा हात असू शकतो. तो ओळखून प्रत्येकाला त्याच्या गरजेचे औषध देणे, हे उद्याचे काम आहे. दोघांनाही वेळेवर त्या विभागापर्यंत पोहोचवणे, हे आजचे.